निवडक मुलांचे प्रकल्प : एका प्रारूपाची चिकित्सा

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस पुण्यातील एका प्राथमिक शाळेत प्रकल्पांचे परीक्षण करण्यासाठी आम्हाला बोलावणे आले होते. शाळेने पाचवीच्या दोन तुकड्यांतून हुशार अशी वीस मुले निवडून त्यांचा शनिवारचा वेगळा वर्ग चालवला होता. त्या वर्गातील मुलांचे प्रकल्प टेबलांवर मांडलेले होते. एका टेबलावर ना थर्माकोल होता ना दिवे. एक मीटर लांबीची काठी, दोरा, खडू आणि चौकटीची वही एवढाच सरंजाम. काठीची सावली दिवसात सर्वांत आखूड केव्हा होते, हा प्रश्न. मुलीने तेरा दिवसांच्या नोंदी केल्या होत्या आणि उत्तर लिहिले होते : पाऊण वाजण्याच्या सुमारास.

आम्ही तिघे परीक्षक होतो. आमचा विषय रसायनशास्त्र. पाठ्यपुस्तकात भरदुपारचे बारा असे वाचलेले. आम्ही गुणपत्रकावर शेरा लिहिला : ‘वेळेच्या नोंदीत चूक. घड्याळ तपासावे.’ पहिला क्रमांक ठिबक सिंचनाच्या, विजेवर चालणाऱ्या देखण्या प्रतिकृतीला गेला.

रात्री घरी आल्यावर मात्र राहवेना. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. पुणे त्याच्या पश्चिमेला सुमारे ८.६ अंश. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने पुण्याचा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून साडेचौतीस मिनिटांनी येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो तर कधी मागे. जानेवारीच्या अखेरीस तो सुमारे १३ मिनिटे मागे असतो. बेरीज केली तर १२ वाजून ४७ मिनिटे! मुलीचे घड्याळ बरोबर होते. चूक परीक्षकांची होती.

ही कबुली देऊन लेख संपवता आला असता. पण या प्रसंगाने आम्हाला एका मोठ्या प्रश्नाकडे नेले. प्रज्ञावान मुलांसाठी जे प्राथमिक पातळीवरचे उपक्रम चालतात, त्यांत वर्गातील शिक्षण आणि प्रकल्प यांचा मेळ कसा असतो आणि कसा असावा? या उपक्रमांमागे बहुधा एक प्रारूप उभे असते. ते जोसेफ रेन्झुली या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाचे. आपल्याकडील अनेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसले, तरी त्यातील कल्पना आपल्या शाळांत पोहोचल्या आहेत. त्या प्रारूपाची चिकित्सा या लेखात करीत आहोत.

तीन प्रकारांची त्रयी

कनेक्टिकट विद्यापीठातील रेन्झुली यांनी हे प्रारूप १९७७ साली मांडले. त्याआधी पाच वर्षे, १९७२ मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसपुढे मार्लंड अहवाल आला होता. शाळेतील निदान ३ ते ५ टक्के मुले प्रज्ञावान असतात आणि त्यांना नेहमीच्या शिक्षणाहून वेगळे काही द्यावे लागते, असे तो अहवाल सांगत होता. वेगळे म्हणजे काय, याचे उत्तर मात्र शाळागणिक निराळे होते. कुठे कोडी, कुठे खेळ, कुठे सहली. या विस्कळीतपणाला रेन्झुलींनी शिस्त लावली.

त्यांच्या मते समृद्धीकरणाचे उपक्रम तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मुलांना नवनव्या विषयांची तोंडओळख करून द्यायची : पाहुण्यांची व्याख्याने, भेटी, प्रात्यक्षिके, पुस्तके. दुसऱ्या प्रकारात कौशल्यांचे शिक्षण : निरीक्षण कसे करावे, नोंदी कशा ठेवाव्यात, मुलाखत कशी घ्यावी, विचार कसा तपासावा. तिसऱ्या प्रकारात मुलाने एकट्याने किंवा लहान गटात एखाद्या खऱ्या प्रश्नाचा शोध घ्यायचा. इथे तो धडे गिरवणारा विद्यार्थी राहत नाही. त्या क्षेत्रातला माणूस ज्या रीतीने काम करतो, त्या रीतीने तो काम करतो आणि त्याचे फलित खऱ्या श्रोत्यांपुढे ठेवतो. पहिले दोन प्रकार सर्व मुलांना योग्य, तिसरा मुख्यतः प्रज्ञावानांसाठी, अशी मूळ मांडणी होती.

दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, रेन्झुलींनी प्रज्ञेची व्याख्याही बदलली. केवळ बुद्ध्यंक पुरेसा नाही. सरासरीहून बरी क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे प्रज्ञावान वर्तन दिसते, असे त्यांनी मांडले. या बदलाचे मोल ओळखायचे तर मागचा इतिहास पाहावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजाराहून अधिक मुले बुद्ध्यंकाच्या आधारे निवडली आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास चालवला. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले गळली. शॉकली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांतून मात्र एकही नोबेल विजेता निघाला नाही.

प्रारूपाचे देणे

टीका करण्याआधी जमेची बाजू सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट, हुशार मुलांची कुचंबणा खरी असते. गणिताच्या तासाला दहा मिनिटांत दहाही उदाहरणे सोडवून बसलेला मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. आपण त्याचे काय करतो? आणखी दहा तशीच उदाहरणे देतो, नाहीतर त्याला वर्गावर लक्ष ठेवायला सांगतो. पहिल्या उपायाने तो हळूहळू शहाणा होतो आणि उदाहरणे सावकाश सोडवू लागतो! रेन्झुली आणि त्यांच्या सहकारी सॅली रीस यांनी यावर साधा मार्ग सुचवला. घटक शिकवण्यापूर्वीच पूर्वचाचणी घ्यावी. ज्याला तो येतो, त्याच्यापुरता तो गाळावा आणि वाचलेला वेळ शोधकामाला द्यावा. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या रीस यांच्या अभ्यासात अशा निवडक मुलांसाठी काही विषयांतील ४० ते ५० टक्के भाग गाळूनही त्यांचे गुण घसरले नाहीत.

दुसरी गोष्ट, कौशल्ये हवेत शिकवता येत नाहीत आणि शोध हा घोकण्याचा विषय नाही, हे या प्रारूपाने ठासून सांगितले. तिसरी गोष्ट, पुढे १९८५ मध्ये आलेल्या सर्व शाळेसाठीच्या प्रारूपात रेन्झुलींनी स्वतःच दार बरेच उघडले आणि नंतरच्या काळात सर्व मुलांसाठी आवडीनुसार गट चालवण्याची कल्पनाही मांडली. आमची टीका माणसावर नाही. प्रारूपातील तीन सांध्यांवर आहे.

पहिला सांधा : आधी निवड की आधी काम?

कामाला चिकटून राहण्याची वृत्ती हा प्रज्ञेचा तिसरा भाग आहे, हे मान्य करू. पण ही वृत्ती काम मिळाल्याशिवाय दिसणार कशी? पोहता येते की नाही हे पाण्याबाहेर उभे करून ठरवता येत नाही. म्हणजे व्याख्येनुसार आधी काम आणि मग ओळख असा क्रम लागतो. शाळा मात्र आधी ओळख आणि मग काम असा क्रम लावतात. गुणपत्रक पाहायचे, चाचणी घ्यायची, वीस नावे काढायची आणि शनिवारचा वर्ग सुरू करायचा.

रेन्झुलींना ही अडचण दिसली होती. १९८१ मध्ये त्यांनी फिरत्या दाराची पद्धत सुचवली. १५ ते २० टक्के मुलांचा एक मोठा गट ठेवायचा. त्यातील ज्याला जेव्हा एखादा प्रश्न झपाटून टाकील, तेव्हा त्याने शोधकामात शिरायचे आणि काम संपल्यावर बाहेर यायचे. सुधारणा चांगलीच आहे. पण तर्क पुरता नेला तर ती अर्ध्यावर थांबते. चिकाटी कामातून जन्मते असे असेल, तर उरलेल्या ८० टक्के मुलांना तरी दाराशी येऊ का द्यायचे नाही?

याच काळात, १९८२ मध्ये, ए. हॅरी पासो या अभ्यासकांनी प्रज्ञावानांच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला तीन प्रश्न विचारावेत असे सुचवले होते. हे सर्व मुलांना आवडेल का? सर्व मुलांना जमेल का? सर्व मुलांना मिळायला हवे का? उत्तरे होकारार्थी असतील, तर ते खास प्रज्ञावानांसाठीचे शिक्षण नव्हे. ते चांगले शिक्षण आहे आणि निवडकांपुरते राखून ठेवलेले आहे. आम्ही परीक्षण केलेल्या प्रकल्पांना ही कसोटी लावली, तर बहुतेक सर्व या दुसऱ्या वर्गात पडतील.

निवडीत कोण गळते, याचा एक ठोस पुरावा अमेरिकेतूनच मिळतो. फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या जिल्ह्यात पूर्वी पालक किंवा शिक्षक नाव सुचवतील त्याच मुलांची पुढची चाचणी होत असे. २००५ पासून दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास सुरुवात झाली. पात्रतेचे निकष तेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो यांनी २०१६ साली याचा हिशेब मांडला. वंचित घरांतील मुलांच्या निवडीचे प्रमाण १८० टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपटीवर गेले होते. ही मुले आधीही वर्गातच बसत होती. पण त्यांचे नाव सुचवायला कोणी नव्हते.

सावलीच्या प्रकल्पाजवळ त्या दिवशी आणखी एक मुलगी उभी होती. ही कोण, असे विचारले तेव्हा प्रकल्पकर्ती म्हणाली, “सर, खडूच्या खुणा हिनेच केल्या. पण ही शनिवारच्या वर्गात नाही ना, म्हणून तिचं नाव लिहिलं नाही.” रोज सुट्टीत तेरा दिवस उन्हात बसून खुणा करणारी ही मुलगी तिसऱ्या वर्तुळात बसते की नाही, हे आम्ही वाचकांवरच सोपवतो.

दुसरा सांधा : खरा प्रश्न कोणता?

तिसऱ्या प्रकारच्या कामासाठी प्रश्न खरा हवा, असे रेन्झुली म्हणतात. खरा प्रश्न म्हणजे ज्यात मुलाची स्वतःची ओढ आहे, ज्याचे ठरीव उत्तर आधीच तयार नाही आणि ज्याचे फलित खऱ्या श्रोत्यांना हवे आहे. पहिली अट आम्हाला सोळा आणे मान्य आहे. दुसरीबद्दल शंका आहे.

सावली केव्हा आखूड होते, याचे उत्तर शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. दुसरी अट कडक लावली तर हा प्रश्न बाद होतो. पण त्या मुलीसाठी तो खरा होता, कारण तिला दिसलेले आणि पुस्तकाने सांगितलेले जुळत नव्हते. प्राथमिक वयात विज्ञानाचा जन्म बहुधा अशा विसंगतीतून होतो. उत्तर जगाला ठाऊक नसणे महत्त्वाचे नाही. मुलाला ते ठाऊक नसणे, आणि ते स्वतःच्या हाताने तपासता येणे, हे महत्त्वाचे आहे.

ही अट लावल्यामुळे मुलांचे प्रकल्प मोठ्या माणसांच्या प्रश्नांकडे झुकतात असा आमचा अनुभव आहे. नदीचे प्रदूषण, कचऱ्याचे व्यवस्थापन, ऊर्जासंकट. विषय महत्त्वाचे आहेत, पण दहा वर्षांच्या मुलाला त्यात मोजण्यासारखे फार थोडे सापडते. मग तो पुस्तकातील आकडे उतरवून घेतो, घोषणा लिहितो आणि आईवडील रात्री जागून प्रतिकृती बनवतात. याउलट बाजरीची भाकरी आणि पाव यांपैकी बुरशी आधी कशावर येते, मुंग्या गूळ आधी शोधतात की साखर, माठातील पाणी कोणत्या दिवशी अधिक गार होते, हे प्रश्न लहान दिसतात, पण त्यांत मोजणे, पुन्हा मोजणे आणि चुकणे या तिन्ही गोष्टी मुलाच्या आवाक्यात असतात.

तिसरा सांधा : फलित आणि श्रोते

संशोधन करणारी माणसे म्हणून आमचा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. मुलाने शास्त्रज्ञासारखे काम करावे आणि त्याचे फलित श्रोत्यांपुढे मांडावे, असे प्रारूप सांगते. पण शास्त्रज्ञाचा पहिला श्रोता कोण असतो? टाळ्या वाजवणारी सभा नव्हे. आपले काम पुन्हा करून पाहणारा आणि “मला तर तसे मिळाले नाही” असे म्हणणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी, हा पहिला श्रोता. प्रयोगशाळेत आमचे बहुतेक दिवस फसलेल्या प्रयोगांत जातात. ते वहीत असतात, छापील निबंधात दिसत नाहीत. शाळेने निबंधाची नक्कल केली आणि वही विसरली, तर शास्त्रज्ञाचा वेश तेवढा उचलला जातो.

त्या मुलीच्या वहीत सहाव्या दिवशी एक वाक्य होते : ‘आज सर्वांत छोटी सावली ठरवता आली नाही. तीन खुणा सारख्याच आल्या.’ हे वाक्य त्या संपूर्ण प्रदर्शनातील सर्वांत वैज्ञानिक वाक्य होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. एक मीटर काठीची सावली त्या दिवसांत पुण्यात मध्यान्हाला सुमारे ७७ सेंटिमीटर असते. मध्यान्हाच्या आधीच्या किंवा नंतरच्या दहा मिनिटांत तिच्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि खडूची खूणच तेवढी जाड असते! म्हणजे आखूड सावली शोधत बसणे हा मध्यान्ह काढण्याचा चांगला मार्गच नव्हे. सकाळी सावलीच्या लांबीइतके वर्तुळ काढून ठेवायचे, दुपारी सावली पुन्हा त्या वर्तुळाला केव्हा टेकते ते पाहायचे आणि दोन वेळांचा मध्य घ्यायचा, हा जुना मार्ग अधिक अचूक आहे, कारण त्या वेळी सावली भराभर बदलत असते.

हे सांगण्याची योग्य वेळ सहावा दिवस होती. कौशल्याचे शिक्षण, म्हणजे रेन्झुलींचा दुसरा प्रकार, तेव्हा त्या मुलीला खरोखर हवे होते. तिन्ही प्रकार एकमेकांना पूरक आहेत आणि त्यांतून मागेपुढे जाता येते, असे रेन्झुलींनी लिहिलेले आहे. शाळेच्या वेळापत्रकात मात्र ते एकामागून एक लागतात : पहिल्या सत्रात व्याख्याने, दुसऱ्यात कौशल्ये, शेवटी प्रकल्प. गरज निर्माण होईपर्यंत कौशल्य शिळे झालेले असते आणि सहाव्या दिवशी कोणी वही उघडून पाहत नाही. वही पाहिली जाते ती तेराव्या दिवसानंतर, परीक्षकांकडून, आणि तीही घाईघाईने.

आपल्याकडचे दोन दाखले

प्रज्ञावान मुलांसाठी वेगळे काही करावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली स्थापन झाली ती याच हेतूने. पण शोधकाम सर्वांसाठी खुले ठेवण्याचे दाखलेही आपल्या देशात आहेत, आणि ते आम्हाला अधिक बोलके वाटतात.

मध्यप्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत सुरू झाला. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात गेला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद करीपर्यंत चालला. सहावी ते आठवीची खेड्यातील साधी मुले गटागटाने प्रयोग करीत, परिसरात हिंडून निरीक्षणे नोंदवीत आणि परीक्षेला पुस्तक व वही घेऊन बसत. कोणाची निवड केलेली नव्हती. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्रांनी जात आणि त्यांना उत्तरे मिळत. दुसरा दाखला १९९३ पासूनच्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचा. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गटाने, आपल्या भागातील प्रश्नावर, आपल्या भाषेत काम करायचे. शाळेबाहेरच्या मुलांनाही तिथे मज्जाव ठेवला गेला नाही. या उपक्रमांतही दोष आहेत. बाल विज्ञान परिषदेत मोठ्यांचे हात पुष्कळदा दिसतात आणि चढत्या पायऱ्यांची स्पर्धा तिथेही आहेच. पण दाराशी चाळणी लावली नाही तर वर्ग बुडत नाही, एवढे त्यांनी नक्कीच दाखवले.

साठ मुलांच्या वर्गात काय करावे?

शिक्षक बंधुभगिनी इथे म्हणतील की लेख लिहिणे सोपे, साठ मुलांचे साठ प्रकल्प सांभाळायचे कोणी? आक्षेप रास्त आहे. आमच्या अल्प अनुभवातून चार सूचना करतो.

एक, साठ प्रकल्प नकोत. वर्गात एक प्रश्नवही टांगून ठेवावी आणि ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने तारखेसह लिहावा. महिन्यातून एकदा वर्गाने त्यातून चार-पाच तपासता येण्याजोगे प्रश्न निवडावेत आणि आवडीनुसार गट पडू द्यावेत. दोन, ज्यांचा घटक पूर्वचाचणीत पक्का आढळतो त्यांना तो तास शोधकामाला द्यावा. मात्र ही सवलत घटकापुरती असावी. आज अपूर्णांकात सुटलेला मुलगा उद्या भूमितीत बसेल, आणि आज बसलेली मुलगी उद्या सुटेल. तीन, तक्ता करण्याआधी एका गटाची मोजमापे दुसऱ्या गटाने पुन्हा करून पाहावीत. जुळली नाहीत तर का, यावर दहा मिनिटे चर्चा व्हावी. चार, गुण द्यायचेच असतील तर निम्मे कच्च्या वहीला द्यावेत, आणि परीक्षकांनी प्रत्येक मुलाला एक प्रश्न अवश्य विचारावा : “तुला काय अनपेक्षित आढळले?”

हुशार मुलाचे यात नुकसान होईल अशी भीती काही पालकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. त्याची गती रोखायची नाहीच. त्याला पुढचा प्रश्न, अवघड पुस्तक, हवी ती मोकळीक जरूर द्यावी. फक्त शोध घेण्याचा अधिकार ही त्याला मिळालेली बक्षिसी आहे, असे त्याला वाटू देऊ नये, आणि इतरांनाही.

त्या शाळेला आम्ही दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिले. हिशेब मांडला, चूक कबूल केली आणि दोघींची नावे प्रकल्पावर घालावीत अशी विनंती केली. निकाल बदलला नाही, पण काही आठवड्यांनी मुख्याध्यापकांकडून पाकीट आले. आत वहीचे फाडलेले पान, दोन निराळ्या अक्षरांत. आता दर रविवारी सावली पाहतो, असे लिहिले होते. मध्यान्हाची वेळ अजून बदलते आहे, मार्चमध्ये ती मागे येऊ लागली आहे, असे का होते? आम्ही उत्तर लगेच कळवले नाही. वर्षभर नोंदी ठेवा, असे उलट लिहिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांपर्यंत मागे येतो, हे त्या दोघींना पुस्तकाआधी काठीने सांगायला हवे होते.